पाठीवरचा क्रूस, छातीवरचं कणीस

गिऱ्हाईक दुकानात आलं की दुसरा टेलर विचारतो, बाही अर्धी ठेवू की पूर्ण? मी विचारतो, क्रूस पुढं की मागं? सांगलीतल्या आमच्या बोळकांडीएवढ्या दुकानात हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलो. समोरचे फादर पोपचं किती ऐकतात, बिशपचं किती ऐकतात आणि लोकांनी आपलं किती ऐकावं असं त्यांना वाटतं, हे सगळं मला त्या एका उत्तरावरून कळतं. माप घ्यायची वेळच येत नाही, कारण या झग्याला माप नसतं. बारीक फादर असोत की सिस्टरांच्या हातचं जेवून सुखावलेले असोत, कापड तेवढंच लागतं.

मी शब्बीर. कॅथलिक पाद्र्यांचे मिस्सेचे झगे शिवतो. दिवाळी अंकात मुसलमान टेलरनं ख्रिस्ती कपड्यांवर लिहायचं, याची संपादकांना भारी गंमत वाटली. मला त्यात काही गंमत वाटत नाही, माझं पोट त्यावर चाललं आहे. पण माणूस घरी येऊन चहा पिऊन आग्रह करून गेला, म्हणून लिहायला बसलो.

मिस्सा म्हणजे कॅथलिक लोकांची मुख्य उपासना. वेदीवर भाकर आणि द्राक्षारस ठेवून फादर प्रार्थना करतात. त्या वेळी अंगावर सगळ्यांत वर जो पायघोळ, बिनबाह्यांचा झगा असतो, तो माझा. मी लहान होतो तेव्हा जगभर फादर लोक वेदीकडं तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा करत आणि लोक त्यांच्या मागं गुडघे टेकून बसत. लोकांना दिसायची ती फादरची पाठ. त्यामुळं कारागिरांनी आपली सगळी करामत पाठीवर केली, तिथं मोठा क्रूस, त्याला जरीचा गोट, मध्ये वेलबुट्टी. पुढून पाहावं तर साधं कापड. मग रोममध्ये सगळे बिशप जमले, बरंच काही ठरलं आणि त्यानंतर वेद्या भिंतीपासून सुटून पुढं आल्या. फादर वेदीच्या पलीकडं गेले, त्यांनी लोकांकडं तोंड केलं आणि ते मराठीत बोलायला लागले. या सगळ्यावर मोठमोठी पुस्तकं निघाली म्हणतात. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ इतकाच की पाठीवरचं काम छातीवर आलं.

ही बातमी आमच्या दुकानात आणली फादर सायमन यांनी. ते मूळचे वसईकडचे, नुकतेच फादर होऊन सांगलीला आलेले. माझे अब्बा तेव्हा लग्नाच्या शेरवान्या आणि बँडवाल्यांचे कोट शिवायचे, जरीकामात त्यांचा हात चांगला होता. फादरांनी पांढरं कापड टाकलं. अब्बांनी विचारलं, "पाठीवर काय काढायचं?" फादर म्हणाले, "काही नको. पाठ दाखवायचे दिवस संपले." छातीवर काय काढायचं यावर मात्र दोघांचं बराच वेळ चाललं. फादरांनी नमुना म्हणून आणलेल्या चित्रात गव्हाची लोंबी आणि द्राक्षाचा घड होता. फादर म्हणाले, "गहू इथं रोज कोण खातं? जोंधळ्याचं कणीस काढा. द्राक्षं राहू द्या, ती तासगावात पिकतात." अब्बांनी छातीवर जोंधळ्याचं कणीस भरलं, एकेक दाणा वेगळा. बाजूला द्राक्षं काढली, पण अब्बांचा जीव कणसात होता, द्राक्षं जरा करवंदांसारखी झाली. तो झगा घालून फादर सायमन वाड्यावस्त्यांवर फिरले. फिरता फिरता त्यांची भाषा इतकी बदलली की वसईहून त्यांच्या बहिणी भेटायला यायच्या, त्यांना अर्धं बोलणं कळायचं नाही.

रंगांची एक वेगळीच भानगड असते. कॅथलिकांच्या वर्षातले बहुतेक रविवार हिरवे. त्यामुळं माझ्या दुकानात हिरव्या कापडाचे तागे कायम पडलेले. मोहल्ल्यातली मंडळी समजायची, शब्बीर दर्ग्याच्या चादरी शिवतो, मोठा पुण्यवान माणूस. एकदा फादर सायमननी इथल्या पद्धतीचं, भगव्या शालीसारखं मिस्सेचं वस्त्र शिवायला टाकलं. ते दाराशी टांगलं आणि दुपारपर्यंत चौकशीला माणसं येऊन गेली. एक ओळखीचा पोरगा गाडीवरून न उतरताच म्हणाला, "चाचा, भगवं कुणाचं हाय?" म्हटलं, "पाद्र्याचं." त्यानं शालीकडं पाहिलं, माझ्या दाढीकडं पाहिलं आणि गाडीला किक मारली.

वर्षातून दोन रविवार गुलाबी झगा घालायचा असतो. ईस्टर आणि नाताळ यांच्या आधीच्या उपवासाच्या काळात मध्येच जरा आनंद म्हणून. खंडाळ्याकडचे एक धिप्पाड फादर होते, घरची मंडळी पैलवानकी करणारी. झगा पाहून ते दारातच थांबले. "मास्तर, ह्यो घालून मी लोकांपुढं उभा ऱ्हाऊ? माजा चुलता पहिल्या बाकड्यावर बसतोय." मी म्हटलं, "गुलाबी न्हाई फादर, पहाटेचा रंग हाय." ते म्हणाले, "पहाटंचं आमी तालमीत असतोय, तिथं असला रंग कवा बघितला न्हाई." शेवटी त्यांनी तो घातला, पण ते दोन रविवार चुलत्याला दुसऱ्या गावच्या चर्चला पाठवलं.

असं चाललं होतं. पुढं फादर सायमन निवृत्त झाले आणि चर्चच्या मागच्या खोलीत राहायला गेले. त्यांच्या जागी फादर अमोल आले.

फादर अमोल रहिमतपूरकडच्या एका खेड्यातले, वडील फौजेतले सुभेदार. वय एवढं कमी की मी आधी त्यांना गायनमंडळातला मुलगा समजलो. पण सांगलीच्या उन्हाळ्यात गळ्यापासून टाचेपर्यंत बटणं लावलेला काळा झगा घालून ते माझ्या दुकानाची पायरी चढले, घाम पुसला आणि मोबाईल पुढं केला. मोबाईलवर जुन्या पद्धतीच्या झग्याचा फोटो होता. अंगाला बेताचा, आत कडक कॅनव्हास, आणि हात मोकळे राहावेत म्हणून पुढून दोन्हीकडं कापलेला, सारंगीसारख्या आकाराचा. मी सवयीनं विचारलं, "क्रूस पुढं की मागं?" फादर म्हणाले, "मागं, चाचा. आणि कापड काळं, मयताच्या मिस्सेसाठी. चंदेरी जर."

असा झगा मी फक्त चर्चच्या जुन्या कपाटात पाहिला होता, तोही कसरीनं खाल्लेला. मी त्यांना म्हटलं, "फादर, हे तुमच्या जन्माच्या आधीच बंद झालंय." ते हसले. "म्हणूनच तर."

पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकताना त्यांना जुन्या मिस्सेचा नाद लागला होता. लॅटिन ते मोबाईलवर ऐकून ऐकून शिकले. शनिवारी सकाळी बाजूच्या छोट्या चॅपलमध्ये ते जुनी मिस्सा करू लागले. तिथं केरळच्या एक-दोन नर्सा, कॉलेजातली काही पोरं आणि मार्थाबाई यायच्या. मार्थाबाई या चर्चच्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाई, तरुणपणापर्यंत त्यांनी हीच मिस्सा पाहिलेली. मी त्यांना विचारलं, "काय कळतंय का?" त्या म्हणाल्या, "काय बी कळत न्हाई. पर लय गार वाटतं."

म्हणजे आता असं झालं की म्हाताऱ्या फादरांना सगळं नवं हवं होतं आणि तरुण फादरांना सगळं जुनं. दोघं एका आवारात राहायचे, एकाच स्वयंपाकघरातलं जेवायचे आणि एकमेकांशी बोलायचे माझ्या दुकानात, तेही मला मध्ये घालून. सकाळी एक येऊन सांगणार, "चाचा, फादर सायमनना सांगा, वेदीवरच्या सहा मेणबत्त्या काढू नका." दुपारी दुसरे येणार, "शब्बीर, त्या पोराला सांग, रविवारी मेणबत्त्यांआड त्याचं तोंड दिसत न्हाई." मी दोघांना चहा पाजायचो आणि निरोप जरा मऊ करून पोचवायचो. कपड्याला अस्तर लावायची सवय असल्यामुळं ते मला जमायचं.

एके दिवशी फादर सायमन आले आणि स्टुलावर बसून राहिले. माझ्या टेबलावर तो काळा झगा पसरलेला होता. म्हणाले, "शब्बीर, ह्यो पोरगा मला काळ्यात गुंडाळणार बघ."

"काय तरीच फादर. आन् कशात गुंडाळलं ते तुमाला कुठं कळणार हाय?"

"मला न्हाई, लोकास्नी कळंल. हे बघ. तुज्या बापानं भरलेलं कणीस अजून माज्याकडं हाय. त्येच घालून मला न्या. आन् शेवटच्या मिस्सेला माजं तोंड लोकांकडं पायजे. आयुष्यभर मी त्येंच्याकडं तोंड करून उभा ऱ्हायलो, जाताना पाठ करून जायचं न्हाई. एवढ्या दोन गोष्टी कर. बाकी मिस्सा लॅटिनमदी करू दे न्हाईतर चिनीमदी."

"मग हे फादर अमोलनाच सांगा की."

"त्येला? त्यो माज्याशी बोलतोय कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो झगा पिशवीतून आणून दिला. कापड पिवळं पडलेलं, खांद्याला विरलेलं, कणसाचे काही दाणे उसवलेले. आमचं एक विट्याचं गिऱ्हाईक दुकानात बसलेलं होतं, केरळात सोनं गाळायचं दुकान असलेलं. त्यानं बोटानं जर चाचपली आणि म्हणाला, "मास्तर, खरी जर हाय. जाळली तर चांदी निघंल." फादर सायमन म्हणाले, "थांब गड्या, आधी मला मरू दे." मी झगा आत ठेवला आणि निरोप फादर अमोलना दिला. त्यांनी ऐकून घेतला. "बघतो," म्हणाले. मयत पाद्र्याच्या अंगावर कोणता रंग असावा याबद्दल त्यांच्या जुन्या विधींच्या पुस्तकात काही लिहिलेलं होतं आणि त्यात जोंधळा नव्हता.

तेवढ्यात वरून पत्र आलं. जुन्या मिस्सेला आता परवानगी लागते, आणि ती बिशपनी आपल्या मनानं द्यायची नाही, रोमला विचारायचं. बिशपनी चॅपलमधली शनिवारची मिस्सा बंद करायला सांगितली. फादर अमोल दुकानात आले, काळ्या झग्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "राहू दे चाचा. आता मला लोकांकडं तोंड करूनच उभं राहायचं आहे. पाठीवरचं कोण बघणार?"

मला वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठी जास्त वाटलं. इतकं बारीक काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. आता मशीनवर भरलेले झगे घरपोच येतात, माझी मुलं या धंद्यात आली नाहीत, असलं काम पुन्हा माझ्याकडं येणार नव्हतं. मी तो झगा जुन्या चादरीत बांधून फळीवर टाकला.

फादर सायमनना ही बातमी मी जरा घाबरतच सांगितली. म्हटलं आता हे पेढे मागतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी जुनं बंद केलं तवा मार्थाबाय रडली होती. मी तिला म्हणलो, रडू नगंस, सवय हुईल." फळीवरच्या गाठोड्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "दाव तो काळा."

मी गाठोडं सोडलं. त्यांनी चष्मा लावून पाठ पाहिली, टाके बोटानं तपासले. "तुज्या बापापरीस तुजा हात बरा हाय रं. पुरा कर. काळा नव्या मिस्सेत बी चालतोय. मी मेलो की त्येनं घालावा. मला नगं, त्येनं. सांग त्येला."

मी सांगितलं. फादर अमोल पुन्हा म्हणाले, "बघतो." पण या वेळी खिडकीकडं तोंड करून म्हणाले.

मग जुने पोप गेले आणि नवे निवडले गेले. नवे पोप लोकांना दर्शन द्यायला सज्जात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फादर सायमन माझ्या स्टुलावर बसलेले असताना फादर अमोल जवळजवळ धावत आत आले. "चाचा, घातलाय! बघा, घातलाय!" मोबाईलवर नवे पोप हात हलवत होते आणि त्यांच्या खांद्यावर कोपरापर्यंत येणारा आखूड लाल झगा होता, पोपांचा जुना मानाचा. आधीच्या पोपनी पहिल्या दिवशी तो घातला नव्हता, त्यावर जगभरच्या जुन्या वळणाच्या लोकांचा किती जीव अडकला होता हे मला त्या दिवशी समजलं. फादर सायमन म्हणाले, "कपड्यात काय असतंय?"

मी म्हटलं, "फादर, ह्ये माज्या दुकानात बसून बोलू नका."

दोघं एकदम हसले. मग एकाच बाकावर बसून दोघांनी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. फादर सायमनना नीट दिसत नव्हतं म्हणून फादर अमोलनी मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "आता जुनी मिस्सा परत येईल, फादर," ते म्हणाले. फादर सायमन म्हणाले, "यिऊ दे की. तवर मी थांबतो, म्हंजे भांडायला कोन तरी पायजे." दोघं माझ्याशिवाय बोललेले मी पहिल्यांदाच पाहिले.

पण ते थांबले नाहीत. पावसाळा संपता संपता फादर सायमन दुपारच्या झोपेतच गेले. मी दुरुस्त केलेला कणसाचा झगा आणि काळा झगा, दोन्ही दोन पिशव्यांत घालून आवारात नेले आणि सिस्टरांच्या हातात दिले. फादर अमोल बिशपशी फोनवर बोलत होते. त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली, पण ती हो म्हणून की नुसती भेट झाली म्हणून, ते मला कळलं नाही. पाद्र्याच्या अंगावर काय घालायचं हे विचारायला मी कोण? घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. वस्त्यांवरून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. मी शेवटच्या बाकावर बसलो. शवपेटी वेदीपुढं ठेवली होती, झाकण उघडं, आणि चेहरा दिसावा म्हणून डोक्याची बाजू उंच केलेली. पण डोकं आमच्याकडं होतं आणि पाय वेदीकडं. मला दिसत होते फक्त पांढरे केस. अंगात कणीस आहे की दुसरंच काही, ते तर कळत नव्हतंच, पण फादर सायमन आमच्याकडं पाठ करून झोपले होते. त्यांनी माझ्याकडं दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक डोळ्यांसमोर बुडाली होती आणि मी शेवटच्या बाकावर टोपी हातात धरून बसलो होतो.

घंटा वाजली. फादर अमोल बाहेर आले, अंगात माझा काळा झगा. पेटीजवळ येऊन ते थबकले. चर्च समितीचे सेक्रेटरी दानीएलराव, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पुढंच उभे होते. पेटी त्यांनीच ठेवून घेतली होती.

"फिरवा ही," फादर अमोल म्हणाले.

"आवं फादर, आमी सगळ्यांस्नी अशीच ठिवतो. पाय वेदीकडं. म्हंजे मानूस देवाकडं तोंड करून असतंय."

"लोकांना असंच ठेवायचं. फादरना उलटं. जुन्या पुस्तकात आहे."

दानीएलराव हलेनात. "फादर सायमननीच बंद केलं त्ये. पाद्री आन् पाटील मेल्यावर सारखेच, म्हनायचे. जुन्या पुस्तकाचं सोडा म्हनायचे."

बाकांवर कुजबुज सुरू झाली. फादर अमोलचा पुण्याचा आवाज कुठल्या कुठं गेला आणि आतला रहिमतपूरचा बाहेर आला. "आरं फिरवा म्हनतोय न्हवं! फादर हाइत त्ये. फादरचं तोंड आपल्या मानसांकडं असतंय, मेल्यावर बी! मुडदा हाय म्हनून पाठ करून ठिवताय व्हय?"

चार गडी पुढं आले. पेटी उचलली, अरुंद जागेत सांभाळून गोल फिरवली आणि टेकवली. आता फादर सायमनचं तोंड आमच्याकडं होतं. आणि छातीवर अब्बांचं कणीस होतं, मी भरलेल्या दाण्यांसकट. शेवटच्या बाकावरूनही ते दिसत होतं. मी रडलो. शेजारी बसलेल्या माणसानं मला ओळखलं असावं, त्यानं नुसता हात दाबला.

गंमत बघा. नव्या पद्धतीसाठी जन्म घालवलेल्या माणसाची शेवटची इच्छा त्यानंच अडगळीत टाकलेल्या जुन्या पुस्तकानं पुरी केली, आणि ते पुस्तक ज्याच्याकडं होतं त्याच्याशी फादर सायमन एवढे दिवस माझ्यामार्फतच बोलत होते. फादर सायमनना हे कळलं असतं तर ते आधी हसले असते आणि मग त्यावरही भांडले असते.

मिस्सा मराठीत झाली. बिशपनी सांगितल्याप्रमाणं फादर अमोल लोकांकडं तोंड करून उभे होते आणि माझा चंदेरी क्रूस मागच्या भिंतीला दिसत होता. पण शेवटी पवित्र पाणी शिंपडायला ते वेदीवरून खाली उतरले आणि पेटीच्या पायथ्याशी, फादर सायमनकडं तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडं आली. समोर कणीस, अलीकडं क्रूस. मार्थाबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली.

हिवाळ्यात फादर अमोलची बदली झाली. निरोप घ्यायला म्हणून आले आणि बाकावर पांढरं कापड ठेवलं. म्हणाले, "चाचा, एक झगा शिवा. जुन्या आकाराचा. आणि कणीस काढा, फादर सायमनसारखं. द्राक्षं नकोत, ती जमलेली नाहीत."

"पुढं की मागं?"

"मागं," ते म्हणाले. "मला दिसणार नाही. पण जुनी मिस्सा परत आली आणि मी पाठ केली, तरी फादर सायमन लोकांकडं बघत राहतील."

कापड अजून टेबलावर आहे. डोळ्यांना आता कमी दिसतं, त्यामुळं दाणे सावकाश भरतो.